पाऊस थांबल्यावर घराजवळच्या नाल्यावर बघण्यासारखं काय असतं?

तुम्ही विचारलंय की बेळगावात वडगावला नवीन राहायला आलोय, गाडी नाही, ऑफिसातले सगळे आंबोलीला जा नाहीतर चोर्ल्याला जा म्हणतात, पण घरापासून चालत जाण्यासारखा एक नाला आहे तर पाऊस पडून गेल्यावर तिथं बघण्यासारखं काही असतं का. असतं की ओ! नाव लिहिलं नाही तुम्ही, पण वडगाव म्हणजे बळ्ळारी नालाच असणार. मी लहानपणापासून त्याच शिवारात फिरतोय, त्यामुळं उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी वाईट बातमी. हा नाला म्हणजे गोष्टीतला झुळझुळ वाहणारा ओढा नव्हे. गावातलं सांडपाणी यात येतंय, उन्हाळ्यात तर जवळून जाताना नाकाला रुमाल लागतो. वस्तीच्या पाठीमागनं बघायला गेलात तर प्लास्टिक आणि डुकरं दिसतील आणि घरी येऊन मला शिव्या द्याल. म्हणून घरामागनं जाऊ नका, येळ्ळूर रोडनं सरळ शिवारात या, घरं संपली की दोन्ही बाजूला भात लागतं, नाल्यावरचा पूल येतो, तिथं थांबा. दोन दिवस चांगला पाऊस झाला की सगळी घाण पुढं वाहून जाते (जाते म्हणजे पुढच्या गावाला जाते, ते वेगळं) आणि पाण्याला वास उरत नाही, तांबूस गढूळ पाणी नुसतं घोंघावत जात असतं.

दुसरं म्हणजे वेळ. लोक काय करतात, पाऊस पडताना छत्री घेऊन जातात, भिजतात, फोटो काढतात आणि पाऊस थांबला की घरी येतात. उलटं करा. पाऊस थांबला रे थांबला की निघायचं, पहिला तासभरच खरा. कारण पावसात सगळे दडून बसलेले असतात आणि थांबल्यावर सगळ्यांना एकदम भूक लागलेली असते. गांडुळं जमिनीवर आलेली, त्यांच्यामागं बगळे, तारेवर कोतवाल शेपटी हलवत बसलेला, खांबावर घार पंख अर्धवट उघडून वाळवत बसलेली, अगदी दोरीवरचं ओलं घोंगडं दिसते. संध्याकाळी ऊन पडलं आणि नशीब असलं तर बांधावरच्या वारुळातनं पंखवाली वाळवी धुरासारखी वर निघते, आणि मग आकाशात जे काय सुरू होतं ते बघायचं, भिंगऱ्या, कोतवाल, घारी, सगळे एकाच पंगतीला. दहा-पंधरा मिनिटात खेळ खलास, खाली नुसते पंख पडलेले राहतात.

बेडकांचं सांगायलाच पाहिजे. मिरगाचा पहिला दणका बसला की शेतात तुंबलेल्या पाण्यात मोठे बेडूक येतात, एरवी हे मळकट हिरवे, बांधावर बसले तर दिसतसुद्धा नाहीत, पण त्या दिवसात नर पिवळे होतात, पिवळे म्हणजे लिंबासारखे पिवळे, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूला निळे फुगे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी रंगपंचमीचा रंग सांडलाय. आवाज तर असा की पुलावर उभं राहून फोनवर बोलता येत नाही. हा प्रकार थोडेच दिवस असतो, मग रंग उतरतो, त्यामुळं जून चुकला तर पुढच्या वर्षी. काही लोक रात्री बॅटरी घेऊन पकडायला येतात, खायला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद आहे, आणि कायदा सोडा, ज्या शेतातले बेडूक गेले त्या शेतातले किडे कोण खाणार?

जुलै-ऑगस्टात, म्हणजे तरणा-म्हातारा पाऊस चालू असताना, सुगरणीची घरटी बघा. नाल्याच्या काठाला बाभळी आणि शिंदी आहेत, पाण्यावर झुकलेल्या फांद्यांनाच ही घरटी टांगतात, साप-मांजर पोचू नये म्हणून. नाव सुगरण पण विणतो तो नर, तेपण अर्धंच विणून थांबतो आणि खाली लोंबकळून पंख फडफडवत बायकोला बोलावतो. ती येऊन आत-बाहेर बघते, पसंत पडलं तर पुढचं काम, नाहीतर दुसरीकडं. एकेका नराची दोन-तीन अर्धवट घरटी तशीच लटकत राहिलेली असतात. आमच्याकडं अर्धी बांधून सोडलेली घरं बघितली की मला तेच आठवतं.

आता जांभळ्या फुलांचं. तुम्ही गेलात की पहिला फोटो त्यांचाच काढाल, सगळेच काढतात, मीपण काढला होता. नाल्यावर हिरवा गालिचा आणि त्यावर जांभळी फुलं, वर पाणकोंबड्या चालतायत, एखादी मोठी निळी-जांभळी लाल चोचीची, स्टेटसला एकदम भारी. तर मी फोटो काढत होतो आणि बांधावर प्लास्टिकची खोळ घेतलेली एक मावशी भांगलण सोडून माझ्याकडं बघत उभी. म्हणाली, "काय हरवलं काय रे बाळ?" मी म्हटलं, काय नाही मावशी, फुलं बघतोय. "फुलं बघ बाबा. ह्या फुलांनीच आमचं भात खाल्लं." मग तिनं समजावलं. ही जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेतली, सांडपाण्यावर पोसते आणि बघता बघता पात्र भरून टाकते, पुलाच्या खाली अडकते, आणि पाणी पुढं सरकत नाही म्हटल्यावर ते बाजूच्या शेतात शिरतं. भाताला पाणी आवडतं म्हणून आपण म्हणतो, पण शेंड्यासकट आठ-दहा दिवस बुडालं तर ते कुजतं, मग परत पेरायचं किंवा रोप लावायचं, परत खर्च. मोठा पाऊस झाला की दरवर्षी पेपरात बातमी असते, बळ्ळारी नाल्याला पूर, शेकडो एकर पाण्याखाली, तर ते हेच.

मावशी पुढं म्हणाली, "मी लहान होतो तवा ह्यातलं पाणी पीत होतो, खालच्या दगडावर धुणं धूत होतो." (तुम्ही बाहेरचे असाल तर गोंधळू नका, आमच्याकडं बायकासुद्धा मी आलो, मी गेलो म्हणतात.) त्यानंतर मला त्या फुलांचा फोटो काढायला जरा जड जातं. पण पाणकोंबड्या त्याच पाल्यात लपतात हेही खरं, पाला काढला की त्या काही दिवस दिसत नाहीत. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि मत विचाराल तर मी मावशीच्या बाजूनं. पूर उतरल्यावर बाभळीकडं बघा, कॅरीबॅगा जिथपर्यंत अडकल्यात तिथपर्यंत पाणी आलं होतं, मोजायला वेगळी पट्टी नको.

पुलावर उभं राहून मला अजून एक नाद आहे, पाणी कुठं जाणार याचा विचार करायचा. हे पाणी मार्कंडेयला, मार्कंडेय घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला, म्हणजे तुमच्या गच्चीवर पडलेला पाऊस बंगालच्या उपसागराला निघालाय. आणि इथनं खानापूरकडं गेलात तर गंमत, कणकुंबीत उगवणारी मलप्रभा पूर्वेला जाते आणि त्याच तालुक्यात उगवणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. एकाच ढगातले दोन थेंब, एक मांडवीत, एक कृष्णेत. आंबोलीला जाऊन लोक धबधब्याखाली ओरडतात, मला हे जास्त आवडतं, ज्याचं त्याचं.

वासाचंपण सांगतो. पहिल्या पावसाला मातीचा जो वास येतो तो मातीतल्या सूक्ष्म जीवांनी बनवलेल्या जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, आपल्या नाकाला तो अगदी नखभर असला तरी कळतो. पण या शिवाराचा खरा वास नंतरचा, भात फुलोऱ्यात आल्यावरचा. आमच्या भागातला बेळगाव बासमती म्हणजे वाऱ्यावर वास यायचा, आता बऱ्याच जणांनी इंद्रायणी-बिंद्रायणी लावलंय, बासमतीची एखाद-दुसरीच शेतं राहिलीत. तरी गणपतीनंतर सकाळी जाऊन बघा, एखाद्या बांधावर अचानक वास येतो आणि पुढं गेलं की गायब. तेव्हाच चतुरसुद्धा ढगानं उडत असतात.

आता थोडं कामाचं. इथली माती काळी, बूट घातले तर प्रत्येक पायाला किलो-किलोभर चिखल चिकटतो, माझी एक चप्पल त्या शिवारात कायमची राहिलीय, मागच्या पट्ट्याची जुनी सँडल सगळ्यात बरी. बांधावरनं चालायचं, पेरलेल्यात पाय टाकायचा नाही, कुणी दिसलं तर आधी आपणच बोलायचं, म्हणजे मोजणीला आलेला माणूस समजून कुणी घाबरत नाही (बायपास रस्त्याच्या जमीन-मोजणीमुळं इथं हातात मोबाईल धरून फिरणाऱ्याकडं लोक जरा संशयानंच बघतात). पाण्यात उतरू नका, पायाला जखम असेल तर अजिबातच नाही, उंदरांच्या मुतातनं होणारा लेप्टो नावाचा आजार असल्याच पाण्यातनं येतो. आणि इथं उघडीप असली तरी वरच्या बाजूला पाऊस चालू असू शकतो, पाणी थोड्या वेळानं अचानक चढतं, म्हणून काठावर सेल्फी नको. साप दिसेल, पाण्यात दिसला तर बहुतेक पाणदिवड, बिनविषारी, पण गवतात घोणस असते, म्हणून काठी आपटत चाला आणि अंधार पडायच्या आत परत या. दुर्बीण लागत नाही. पक्ष्यांचे आवाज ओळखायला मर्लिन नावाचं फुकटचं अ‍ॅप आहे, पण पहिले चार-पाच वेळा ते पण नको, नुसते जावा, एकाच पुलावर, त्याच जागी. तिसऱ्या खेपेला तुम्हालाच कळायला लागेल की खंड्या त्याच तारेवर त्याच ठिकाणी बसतो.

आणि हो, पुलाच्या अलीकडं तीन कुत्री आहेत, नवीन माणूस दिसला की पार शेतापर्यंत भुंकत येतात. पारले-जीचा पाच रुपयांचा पुडा खिशात ठेवा, दुसऱ्या दिवसापासून ती तुमच्याबरोबर फिरायला येतील आणि सगळे बगळे उडवून लावतील.