चार्ज लावला, चार्ज घेतला, चार्ज ठेवला : वाचकांचे प्रश्न

'चार्ज' या एकाच शब्दाभोवती फिरणारी बरीच पत्रे आली. त्यातले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : शब्दकोशात 'चार्ज'पुढे आकार, आरोप, हल्ला, जबाबदारी, विद्युतभार, बंदुकीतली दारू असे एकमेकांशी संबंध नसलेले अर्थ दिसतात. उताऱ्यात नेमका कोणता घ्यायचा हे कसे ओळखावे?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सातारा

संबंध आहे. लॅटिनमध्ये गाडीला 'कारस' म्हणत आणि गाडीत माल भरण्याला 'कारिकारे'. तेच क्रियापद फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. कार, कार्गो, कॅरी ही त्याचीच भावंडे. म्हणजे मूळ अर्थ लादणे. गाडीवर माल लादला, बंदुकीत दारू ठासली, माणसावर काम सोपवले, खात्यावर रक्कम टाकली, कुणावर दोष ठेवला, या सगळ्याला इंग्रजीत एकच शब्द पुरला. मराठीनेही हेच केले आहे, फक्त 'भार'च्या आधी शब्द किंवा उपसर्ग जोडून : पदभार, कार्यभार, अधिभार, प्रभार. 'आरोप' शब्दाचा मूळ अर्थही वर ठेवणे असाच.

हल्ल्याचा अर्थ तेवढा वेगळा वाटतो. शस्त्र सज्ज करून, रोखून चालून जाणे यातून तो आला असावा, असे मत आहे. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हाला ब्रिटिश घोडदळाने रशियन तोफांवर घेतलेली धाव याच शब्दाने प्रसिद्ध आहे. आपला 'लाठीचार्ज' याच अर्थाचा, पण तो भारतात तयार झालेला शब्द. ब्रिटिश वर्तमानपत्रे 'बॅटन चार्ज' लिहितात.

उतारा वाचताना आधी शब्दयोगी पाहा. 'फॉर' आले तर बहुधा पैसे. 'ॲट' आले तर धावून जाणे : 'द बुल चार्ज्ड ॲट हिम', बैल त्याच्या अंगावर धावून गेला. 'टू' आले तर खात्यावर टाकणे. हॉटेलात 'चार्ज इट टू माय रूम' म्हटले की जेवणाचे पैसे खोलीच्या बिलात जातात. 'ऑन' आले तर मालमत्तेवरचा बोजा असू शकतो. फसवते ते 'विथ'. 'चार्ज्ड विथ थेफ्ट' म्हणजे चोरीचा दोषारोप, पण 'चार्ज्ड विथ ड्राफ्टिंग द रिपोर्ट' म्हणजे अहवाल लिहिण्याची जबाबदारी. 'विथ'नंतर गुन्ह्याचे नाव आहे की कामाचे, एवढे पाहिले की पुरते.

'डिस्चार्ज' म्हणजे हेच उलट, भार उतरवणे. रुग्णाला घरी सोडणे, बॅटरी उतरणे, कर्ज फेडणे, धरणातून पाणी सोडणे. शेवटच्या अर्थाला मराठीत 'विसर्ग' हा नेमका शब्द रुळला आहे, तिथे 'डिस्चार्ज' लिहायचे कारण नाही.

प्रश्न : 'ही चार्ज्ड फाइव्ह हंड्रेड रुपीज फ्रॉम मी' हे वाक्य शिक्षकांनी चूक ठरवले. का?
– नांदेड

कारण 'माझ्याकडून' हे मराठीचे आहे. इंग्रजीत या क्रियापदाला दोन कर्मे सरळ लागतात : 'ही चार्ज्ड मी फाइव्ह हंड्रेड रुपीज'. कशाचे पैसे ते सांगायचे असेल तर पुढे 'फॉर द रिपेअर'. 'फ्रॉम' कुठेच नाही. 'टेक' वापरले तर मात्र 'फ्रॉम मी' लागते. चूक तिथूनच येते.

दुसरी नेहमीची चूक 'चार्ज्ड फॉर मर्डर'. गुन्ह्याला 'विथ'च हवे. 'फॉर' लावले की खुनाचे पैसे लावल्यासारखे वाचले जाते.

तिसरी 'इनचार्ज'ची. 'स्टोअर इनचार्ज' हे नाम भारतीय इंग्रजीत सर्रास चालते. बाहेरदेशी पाठवायच्या अर्जात मात्र 'इन चार्ज ऑफ द स्टोअर' लिहा. आणि मध्ये 'द' घुसवू नका. 'द नर्स इन चार्ज ऑफ द चाइल्ड' यात मूल नर्सच्या ताब्यात आहे. 'द चाइल्ड इन द चार्ज ऑफ द नर्स' यातही तसेच. पण पहिल्या वाक्यात 'द' वाढवलात तर नर्सच मुलाच्या ताब्यात जाते. सांभाळायला दिलेल्या मुलांनाही 'चार्जेस' म्हणतात. जुन्या कादंबरीत दाई आपले 'चार्जेस' घेऊन बागेत गेली, तर ती पैसे घेऊन गेलेली नसते.

प्रश्न : 'आरोपपत्र दाखल', 'आरोप निश्चित', 'दोषमुक्त', 'निर्दोष' हे शब्द बातम्यांत आलटून पालटून येतात. फरक काय?
– नाशिक

फरक मोठा आहे, आणि घोटाळ्याचे मूळ 'चार्जशीट', म्हणजे आरोपपत्र, या शब्दात आहे. नावात चार्ज असला तरी तो पोलिसांचा तपास पूर्ण झाल्याचा अहवाल आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ खाली जाई. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९३ लागू आहे. आरोपी कोठडीत असेल तर मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत, इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत तो दाखल व्हावा लागतो. नाही झाला तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. हे दिवस अटकेपासून नव्हे, न्यायदंडाधिकाऱ्याने प्रथम कोठडी दिल्यापासून मोजतात.

खरा 'चार्ज' न्यायालय ठेवते, म्हणजे आरोप निश्चित करते. गुन्ह्याचे नाव, कलम, वेळ, जागा आणि कुणाविरुद्ध किंवा कोणत्या वस्तूबाबत गुन्हा घडला हे त्यात यावे लागते. हे मोघम राहिले तर आरोपीला बचाव कशाचा करायचा तेच कळत नाही. या टप्प्यावर पुरेसा आधार नाही असे वाटले तर न्यायालय 'डिस्चार्ज' करते, म्हणजे दोषमुक्त. खटला चालून पुरावा तपासल्यावर सुटका झाली तर 'ॲक्विट', म्हणजे निर्दोष. दोषमुक्त झालेल्यावर नवा पुरावा मिळाल्यास पुन्हा कारवाई होऊ शकते. निर्दोष ठरलेल्यावर, तो निकाल कायम असेतो, त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही. मथळ्यात जागा कमी असते हे खरे, पण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

इंग्लंडमधल्या बातम्या मराठीत आणताना वेगळी काळजी घ्या. तिथे 'चार्ज्ड' म्हणजे औपचारिक दोषारोप ठेवून संशयिताला न्यायालयाकडे पाठवणे. 'आरोप केला' हे त्याला फार पातळ पडते. तो 'अलेज्ड'चा अर्थ.

प्रश्न : नानावटी खटल्याच्या निकालपत्रात 'मिसडायरेक्शन्स इन द चार्ज' असे वाचले. तिथे दोषारोपातच चूक होती का?
– निवृत्त वाचक, दादर

नाही. हा चार्ज आरोपीवरचा नव्हे, ज्यूरीला, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला, केलेला. पुरावा संपला की न्यायाधीश ज्यूरीला कायदा समजावतात आणि कोणत्या मुद्द्यावर काय ठरवायचे ते सांगतात. तेच त्यांच्यावर सोपवणे. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नौदल अधिकारी नानावटींना खुनाच्या आरोपातून निर्दोष म्हटले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेल्या निवेदनात दिशाभूल करणाऱ्या त्रुटी होत्या, असे उच्च न्यायालयाने ठरवले, स्वतः पुरावा तपासला आणि नानावटींना दोषी धरले. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. भाषांतरात 'ज्यूरीला केलेले निवेदन' म्हणावे, 'आरोप' मुळीच नको.

प्रश्न : कर्ज मंजूर झाल्यावर बँकेच्या पत्रात जमिनीवर 'चार्ज क्रिएटेड' असे आले. ही फी आहे का?
– शेतकरी वाचक, बारामती

फी नव्हे, बोजा. तुमच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या सदरात बँकेचे नाव आणि रक्कम चढलेली दिसेल. लोक अडतात ते कर्ज फेडल्यावर. हप्ते संपले म्हणून नोंद आपोआप निघत नाही. बँकेकडून कर्ज निरंक झाल्याचे पत्र घ्या, बोजा कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून करा. फेरफार धरला जातो आणि तो मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच नवा उतारा कोरा येतो. नुसता अर्ज स्वीकारला गेला म्हणून थांबू नका, उतारा काढून पाहा. नाहीतर विक्रीच्या दिवशी जुना बोजा निघतो आणि व्यवहार अडतो.

प्रश्न : महावितरणच्या बिलात 'चार्ज'ला कुठे आकार, कुठे भार म्हटले आहे का?

नाही. चार्ज तिथे आकारच आहे : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. 'मंजूर भार' म्हणजे लोड, तो किलोवॅटमध्ये असतो, रुपयांत नव्हे.

प्रश्न : १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेने ५,००० एमएएचचा फोन दोनदा का चार्ज होत नाही?
– ठाणे

एमएएच, म्हणजे मिलीअँपिअर-तास, हे विद्युतप्रभाराचे माप आहे, ऊर्जेचे नव्हे. ५,००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर एक तास, अर्थात १८,००० कूलोम. ऊर्जा काढायला त्याला व्होल्टने गुणावे लागते. पॉवर बँकेवरचा आकडा आतल्या सेलचा, साधारण ३.७ व्होल्टचा. १० × ३.७ = ३७ वॉट-तास. फोनची बॅटरी ३.८५ व्होल्टची धरली तर ५ × ३.८५, म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. व्होल्ट वाढवून पुन्हा उतरवताना आणि उष्णतेत मिळून १५ टक्के गेले असे धरले तर ३१ उरतात. त्यात फोन दीड वेळा, फार तर त्याहून किंचित जास्त भरतो. केबल हलकी असेल तर तेवढाही नाही. खरेदी करताना एमएएचपेक्षा वॉट-तास पाहा. विमानाचे नियमही त्यातच असतात, विनापरवानगी मर्यादा १०० वॉट-तासांची आणि पॉवर बँक हातातल्या सामानात.

बॅटरीत प्रभार 'भरला' जातो, ही मात्र जुन्या भाषेची सवय. लिथियमचे आयन एका विद्युतअग्राकडून दुसऱ्याकडे सरकतात, एकूण प्रभार तेवढाच राहतो. भरण्याची ही भाषा अठराव्या शतकात लायडन जारबद्दल (वीज साठवण्याच्या काचेच्या बरणीबद्दल) लिहिताना बेंजामिन फ्रँकलिनने रूढ केली. अशा अनेक जार एकत्र जोडल्या तेव्हा त्याने तोफखान्यातला दुसरा शब्द उचलला : बॅटरी.