जा गं, आणि आईलाही सोबत ने

सिडकोतून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वय २६, बाईकच्या अपघातात मणक्याला मार लागला, तेव्हापासून व्हीलचेअरवर आहे. घराजवळच्या तलवारबाजी क्लबचे सर म्हणाले एकदा येऊन तर बघ, हिला जायचंय, पण आई म्हणते एवढं सोसलंस ते कमी होतं का, आता हे काय नवीन खूळ. आणि हिला स्वतःला धास्ती की तिथली धडधाकट पोरं कीव करतील.

अगं, बिनधास्त जा! तुला कीवेची भीती वाटते ना, मग व्हीलचेअरवरची तलवारबाजी कशी असते ते आधी ऐक. दोन्ही खेळाडूंच्या खुर्च्या एका फ्रेमला घट्ट लॉक करतात, जरा तिरक्या, समोरासमोर. खुर्ची तसूभर हलत नाही, बूड सीटवरून उचललं की फाऊल, एका हातात तलवार, दुसऱ्याने खुर्ची धरायची आणि सगळा खेळ कमरेच्या वर. त्या पळणाऱ्या पोरांपैकी एखाद्याला समोरच्या खुर्चीत बसवलं ना की त्याची मागे सरकायची सवयच बंद पडते, वार आला की मनगट फिरवून तलवारीने अडवायचा नाहीतर धड वाकवून चुकवायचा, तिसरा रस्ताच नाही. तिथे कीव करायला वेळ कोणाला असतो गं? आणि हे काही आजचं फॅड नाही, १९६० च्या रोम पॅरालिम्पिकपासून हा खेळ आहे.

आता आईचं. तिची काळजी खोटी नाहीये, तिला उडवून लावू नकोस प्लीज. मास्क, जाड जॅकेट, ग्लोव्ह तिच्या हातात दे, तलवारीचं बोथट टोक बोट लावून बघू दे. आणि तिच्या समाधानासाठी नाही, तुझ्यासाठीच सांगते, जायच्या आधी डॉक्टरांना विचार, पाठीत रॉड-स्क्रू असतील तर धड किती वळवायचं ते नीट समजून घे. कुशन तुझंच ने, घरी आल्यावर बसायच्या जागेची कातडी लाल झालीय का ते आरशात बघ, कारण संवेदना नसेल तर जखम होतेय हे कळतही नाही. मणक्याच्या दुखापतीत खालच्या भागाला घाम येत नाही बऱ्याच जणांना, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तुला माहितीय, त्यात ते जॅकेट, तेव्हा सकाळची बॅच माग, पाण्याचा स्प्रे जवळ ठेव.

सरांना फोन करून फ्रेम आहे का, रॅम्प आहे का, टॉयलेटमध्ये खुर्ची जाते का हे तिन्ही सरळ विचार, लाजू नकोस. फ्रेम नसली तरी पकड आणि अडवणं शिकायला सुरुवात होते. मग कळव मला, तलवारीचा कोणता प्रकार आवडला, फॉईल की सेबर.