जीएसटी पी१ची पहिली कुपी

अगं, मानवी जीएसटी पी१ची (ग्लुटाथायोन हा छोटा रेणू दुसऱ्या पदार्थांना जोडणारं एन्झाइम) कुपी आली की आधी बर्फात ठेव. मग लगेच छोटे छोटे भाग करून उणे ८० अंशांवर टाक. पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं या एन्झाइमला सोसत नाही. त्याच्या ४७व्या जागेवरचं सिस्टीन हे अमिनो आम्ल फार हळवं असतं. ते ऑक्सिडाइझ झालं की क्रियाशीलता गेलीच, म्हणून साठवणीच्या बफरमध्ये डीटीटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) हवं.

क्रियाशीलतेची तपासणी नेहमीसारखी सीडीएनबीवर (ग्लुटाथायोन जोडलं गेलं की ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषणारा पदार्थ): पीएच ६.५, ग्लुटाथायोन आणि सीडीएनबी प्रत्येकी १ मिलिमोलर, वाचन ३४० नॅनोमीटरवर. ग्लुटाथायोन रोज ताजंच बनव. ही रिअ‍ॅक्शन एन्झाइम नसतानाही हळूहळू चालते, त्यामुळे दुसऱ्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पात्रात) एन्झाइमऐवजी तेवढंच साठवणीचं बफर घाल आणि तिचा वेग वजा कर. मी सुरुवातीला हे केलं नव्हतं. अख्खी वही पुन्हा करावी लागली.

सीडीएनबीला हातमोज्यांशिवाय शिवू नकोस, त्वचेला त्याची अ‍ॅलर्जी जडते.

आणि हो, प्रथिन शुद्ध करायला त्याला जोडतात तो जीएसटी टॅग बहुधा शिस्टोसोमा या कृमीचा असतो, आणि तोही सीडीएनबीवर काम करतो. त्याची क्रिया मोजणीत मिसळू नये म्हणून तुझं एन्झाइम हिस्टिडिन टॅगचंच मागव.