वाचकांचे प्रश्न: बतुकम्माची फुलं, कोजागरीचं दूध आणि पहाटेचा कर्णा

नवरात्रापासून दिवाळीपर्यंतच्या कार्यक्रमांबद्दल सोलापूरच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या अंकात उत्तरं दिली आहेत.

आमच्या विजापूर रोडवरच्या सोसायटीत पाच-सहा तेलुगू कुटुंबं आहेत. यंदा भोंडल्याच्या जोडीला बतुकम्मा, म्हणजे त्यांचा ताटात फुलांचे थर रचण्याचा नवरात्राच्या सुमाराचा सण, करायचं ठरलं आहे. आम्हा मराठी बायकांना रचता येईल का? फुलं कुठली आणि किती लागतात?

नक्की येईल. पण सुरुवात फुलांपासून करायची, ताटापासून नाही. बतुकम्माचा कणा म्हणजे तंगेडू आणि गुनुगू. तंगेडू म्हणजे आपला तरवड. सोलापूरच्या आसपासच्या माळांवर आणि रस्त्यांच्या कडेला त्याची पिवळी झुडपं दिसतात. गुनुगू म्हणजे कुरडू, खरिपाच्या रानात तण म्हणून उगवणारा. बाजारात भाव विचारण्याआधी गावाकडच्या नातेवाइकांना फोन करा, शेतकरी उलट आनंदाने उपटून देतील. या दोन फुलांना झेंडू, शेवंती आणि भोपळ्याच्या फुलांची जोड द्यायची.

दीड फूट उंचीच्या बतुकम्मासाठी अठरा इंची ताट, झेंडू दीड किलो, तरवडाच्या दोन मोठ्या जुड्या आणि कुरडूची भरगच्च टोपली धरून चला. कुरडूचे पांढरे तुरे रंगाच्या पाण्यात बुडवून रंगवायचे असतील तर ते आदल्या दिवशी रंगवून सावलीत सुकवा. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ओले तुरे रचले की रंग खालच्या झेंडूवर उतरतो आणि ओलाव्याच्या वजनाने थर बसतात. तरवड मात्र त्याच दिवशी पहाटे तोडायचा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. बंद प्लास्टिकच्या पिशवीत तो दुपारपर्यंत काळवंडतो.

रचताना ताटात आधी भोपळ्याची पानं अंथरा. फुलांचे देठ सारखे कापा, चार बोटं पुरतात. फूल बाहेर, देठ आत असं पहिलं वर्तुळ लावा. मधली पोकळी चिरलेल्या देठांनी आणि पाल्याने गच्च भरा, तळव्याने दाबा आणि मगच दुसरा थर घ्या. तो पहिल्यापेक्षा बोटभर आत. बतुकम्मा कलते ती बाहेरच्या फुलांमुळे नाही, आतली भर सैल राहिल्यामुळे. शेंड्यावर हळदीची गौरी बसवली की झालं.

दिवस निवडताना शेजारणींनाच विचारा. भाद्रपद अमावस्येला एंगिलीपुला या पहिल्या दिवसाने सुरुवात होते आणि नवरात्रातल्या अष्टमीला सद्दुला या दिवसाने शेवट. मधल्या सहाव्या दिवशी, अलिगिनाला, बतुकम्मा मांडत नाहीत. नेमका तोच दिवस सोसायटीच्या सोयीचा म्हणून ठरवला जाण्याची भीती असते! एकत्र कार्यक्रमाला सद्दुलाचा दिवस उत्तम. त्या दिवशी बतुकम्मा सगळ्यात मोठी असते, शिवाय चिंचेचा, दह्याचा, तिळाचा असे भाताचे प्रकार होतात. त्यापुढे आपली खिरापत ओळखायचा खेळ ठेवा, रंगतो. विसर्जनासाठी तलाव गाठण्यापेक्षा अंगणातलं मोठं घमेलं बरं, विशेषतः रंगवलेला कुरडू असेल तर.

ऐंशी माणसांना कोजागरीचं मसाला दूध करायचं आहे. मागच्या वर्षी करपट वास आला आणि शेवटी तळाला नुसता मसाला उरला. प्रमाण द्यावं.

म्हशीचं दूध सोळा लिटर घ्या. आटवून साधारण बारा लिटर करायचं. माणशी सव्वाशे मिलि. धरलं तर दहा लिटर जातं, उरलेलं दुसऱ्या फेरीला. साखर सव्वा किलो, बदाम दीडशे ग्रॅम, काजू आणि पिस्ते शंभर-शंभर ग्रॅम, वेलदोडे वीस ग्रॅम, जायफळ अर्धं, केशर एक ग्रॅम. जायफळात हात सैल सोडू नका, जास्त झालं की कडवट उग्रपणा येतो आणि तो साखरेने झाकत नाही.

दुधाचे सगळे स्रोत एकदम पातेल्यात ओतू नका. प्रत्येक कॅन किंवा पिशवीतलं अर्धी वाटी दूध वेगळं उकळून पाहा. सकाळचं आंबूस झालेलं एक लिटर दूध सोळा लिटर नासवायला पुरतं. पातेलं पंचवीस-तीस लिटरचं, जाड बुडाचं असावं. आत पाणी फिरवून ओलं करा आणि मग दूध ओता. उकळी येईपर्यंत आच मध्यम ठेवा. आटवताना सपाट टोकाच्या उलथन्याने तळ सतत मोकळा करत राहा, गोल डावाने कोपरे सुटतात. तरीही तळ धरलाच तर खरवडू नका. वरचं दूध हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात काढा. करपट वास पसरतो तो खरवडण्यामुळेच. दहाला वाटप हवं असेल तर साडेसातला शेगडी पेटलेली हवी.

मसाला तळाशी बसतो कारण भरड जाड असते किंवा तो फार उशिरा पडतो. सुकामेवा चमचाभर साखरेबरोबर थांबून थांबून फिरवा. मिक्सर सलग चालवला तर तेल सुटून गोळा होतो. आच बंद करण्याआधी दहा मिनिटं मसाला आणि साखर घाला, आणि वाटताना प्रत्येक चार-पाच पेल्यांमागे तळापासून ढवळा. चांदणं पडावं म्हणून दूध उघडं ठेवताना पातेल्याच्या डोक्यावरचा दिवा बंद करा. ऑक्टोबरातले किडे चंद्राकडे नाही, एलईडीकडे येतात. वर पातळ मलमल बांधा.

पौर्णिमा दोन दिवस विभागून आली तर ज्या रात्री मध्यरात्रीला पौर्णिमा असेल ती कोजागरी. नवान्न त्याच दिवशी असेलच असं नाही.

दिवाळी पहाट सोसायटीच्या मैदानात पहाटे साडेपाचला ठेवली आहे. ध्वनिक्षेपकाची परवानगी मिळेल का?

सहाच्या आत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद असतो. वर्षातल्या ठरावीक दिवसांना जी सवलत देता येते ती रात्री दहा ते बारा एवढीच आहे, पहाटेला तिचा उपयोग नाही. अनेक मंडळं इथेच चुकतात. बंद सभागृहाच्या आतल्या ध्वनियंत्रणेला मात्र ही बंदी नाही, म्हणून हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या ठिकाणी पहाटेची मैफल करता येते. दिवाळीची तारीख अशा सभागृहात मिळायची तर नोंदणी फार आधीपासून करावी लागते.

मैदानच हवं असेल तर सरळ मार्ग असा: साडेपाचला बिनमाइकची बैठक. साठ-सत्तर श्रोते गायकाजवळ अर्धवर्तुळात बसवले तर तानपुरा, तबला, पेटी आणि गळा स्वच्छ ऐकू येतो. ललित राग गाऊन घ्यायचा तो याच वेळात, ऑक्टोबरच्या शेवटी सोलापुरात सूर्य सव्वासहानंतर उगवतो. सहानंतर माइक सुरू करून भटियार, अहिर भैरव या रागांकडे वळा. माइकची परवानगी स्थानिक पोलीस ठाण्यातून आधीच घेऊन ठेवा.

दोन गोष्टी कायम राहून जातात. तबला खोलीतून एकदम गार हवेत आणला की सूर हलतो. तो अर्धा तास आधी बाहेर आणून मग मिळवावा. आणि सतरंजीखाली प्लास्टिक अंथरा, नाहीतर दवाने बैठक ओली होते. कर्णे कायम माइकच्या पुढच्या रेषेत, श्रोत्यांकडे तोंड करून. मागे ठेवले की शिट्टी ठरलेली.

कोजागरीला पहिल्यांदाच सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणार आहे. वय बावन्न.

अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. ताशी चारच्या चालीने थांबे धरून तेरा-चौदा तास. तळे हिप्परगा, उळे, तामलवाडी अशी वाट आहे आणि चढ शेवटी, तुळजापूरच्या घाटात. त्यामुळे तामलवाडीपर्यंत तरुणांच्या गतीने धावलात तर घाटात पाय बोलतील. अनवाणी जाणार असाल तर डांबर निवल्यावर निघा, संध्याकाळी पाचचा रस्ता अजून तापलेला असतो. बूट घालणार असाल तर जुने, सवयीचे घाला. फोड उष्णता, घाम आणि घासणं तिन्ही एकत्र आले की येतात. निघण्यापूर्वी बोटांच्या बेचक्यांत आणि टाचांना व्हॅसलीन लावा, मोज्यांचा दुसरा जोड ठेवा, तामलवाडीला बदला. आलेल्या फोडाची कातडी काढू नका. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणीला तोड नाही, खराब होत नाही आणि हातात धरून चालता चालता खाता येते. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या, रात्रभर जागरणात त्या चुकतात.

दसऱ्यापासून देवी श्रमनिद्रेत असते आणि पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते, त्यामुळे त्या दिवशीची रांग मोठी असते. चालून झाल्यावर लगेच रांगेत उभे राहू नका. आधी पाय वर करून तासभर पडा, खा, मग जा. परतीचा प्रवास एसटीने.

दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून मोठाली पानं मिळतात. ती खरी का?

बहुधा ती कांचन या दुसऱ्या झाडाची असतात. आपट्याचं पान लहान, जाड, हाताला खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. कांचनाचं मोठं, पातळ आणि गुळगुळीत. अख्खी फांदी विकत असतील तर घेऊच नका, मूठभर पानांत सोनं लुटून होतं.