फाळका उघडा की बंद?

प्रश्न: माझ्या कामाच्या पिकअपवर शिडीचा कॅरियर कायम असतो, हायवेला डिझेल जाम खाते. मागचा फाळका पाडून चालवली तर हवा सरळ निघून जाईल ना?

उत्तर: सगळ्यांना असंच वाटतं, पण होतं बहुतेक उलटंच. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते, फाळका पाडला की तो भोवराच मोडतो. त्यापेक्षा हौद्यावर ताडपत्री ताणून बांधा, फडफडणारी नको हं. आणि ती शिडी! काम नसेल तेव्हा कॅरियरसकट उतरवा, वरून शिट्टीसारखा आवाज येतो ना, तिथेच हवा अडतेय. बाकी हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, 80 वरून 100 ला गेलात की दीडपटीच्या वर, तेव्हा पाय जरा हलका ठेवा.