मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे असं कळल्यावर आईने स्वतःच्या करिअरची स्वप्नं सोडून द्यावीत का?

नाही. आणि तुम्ही प्रश्नात 'आईने' लिहिलंय, तिथेच माझी पहिली हरकत आहे. निदान मुलाचं आणि राजीनामा आईचा, हे कुठल्या डॉक्टरने लिहून दिलंय?

मी पुलांची कामं करणारी सिव्हिल इंजिनिअर. मुलगा बोलत नाही, टॅबलेटवरची चित्रं दाबून सांगतो. निदान झालं तेव्हा घरात बैठकच बसली. थोरल्या नणंदबाई म्हणाल्या, "पोराला आईची गरज आहे आणि तुला पुलांची पडलीय." कोणी काही बोललं नाही, नवरासुद्धा. (त्याचा हिशेब नंतर झाला.)

पुढे एकदा मी मोठी रजा टाकून घरी राहिले. पहिल्याच सकाळी माझ्या निघायच्या वेळेला चिरंजीवांनी माझी बॅग आणून हातात दिली. मी खाली ठेवली. त्याने पुन्हा दिली. चपला आणून पायांशी ठेवल्या, मग पाठीला दोन्ही हात लावून मला दाराकडे ढकलायला लागला. मी हलत नाही म्हटल्यावर जमिनीवर लोळण आणि आकांत. शेवटी बॅग घेऊन जिना उतरले, इमारतीला चक्कर मारून परत आले, तर पुन्हा तेच, कारण आई परत यायची ती वेळच नव्हती. त्याच्या दिवसात माझं कामाला जाणं ठरलेलं होतं आणि मीच ते मोडलं होतं. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. नणंदबाईंनी यातून काय काढावं? "बघ, पोराला आईची सवयच राहिली नाही."

ही भाषा त्यांची एकट्यांची नाही. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये या मुलांबद्दल सविस्तर लिहिलं, तेव्हाच आईबापांच्या कोरडेपणाबद्दल शेरे मारले होते. पुढे अशा मुलांची शाळा चालवणाऱ्या ब्रुनो बेटलहाइम यांनी आईच्या थंडपणावर सगळं खापर फोडलं आणि कित्येक बायका ते ओझं घेऊन जगल्या. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी त्या मताला जोरदार उत्तर दिलं, ऑटिझमचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे म्हणून. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. शास्त्राने विषय संपवला, नातेवाइकांनी नाही.

स्वप्नं बदलतात का? बदलतात, खोटं कशाला सांगू. मला मोठ्या नदीवरच्या नव्या पुलाच्या साइटवर जायचं होतं. तिथे रात्री-अपरात्री फोन येतात, ते जमण्यासारखं नव्हतं. आता जुने पूल तपासते. बेअरिंग झिजलंय का, एक्स्पान्शन जॉइंट अडकलाय का, तडा नुसता वरवरचा आहे की आत गेलाय. वेळापत्रक आधी ठरतं. लोक याला त्याग म्हणतात, मला मात्र हे काम आवडतं आणि मी त्यात चांगली आहे. लोर्ना विंग मनोविकारतज्ज्ञ होत्या. मुलगी स्वमग्न निघाल्यावर त्या या विषयाकडे वळल्या आणि आज आपण सगळे जो 'स्पेक्ट्रम' म्हणतो, म्हणजे ऑटिझम प्रत्येकात वेगळ्या रूपात आणि कमी-जास्त असतो, ती कल्पना मुख्यतः त्यांच्या कामातून रुजली. त्यांना कोणी त्यागमूर्ती म्हणत नाही.

मुलाबद्दलचीही स्वप्नं उलटीपालटी झाली. मी शाळेत वक्तृत्वात बक्षिसं घ्यायची, तोही घेईल असं उगाच धरून चालले होते. नंतर एवढंच हवं होतं की कुठे दुखतंय ते त्याने सांगावं. एकदा रडता रडता त्याने 'कान' दाबलं, मग 'दुखतं'. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सगळ्यांना सांगत सुटले. कोणाला नीटसं कळलं नाही. हां, काही पालक जुनी सगळी महत्त्वाकांक्षा थेरपीत ओततात. डोळ्यांत बघायला लावणं, हात हलवणं बंद पाडणं, रोजची प्रगतिपुस्तकं. मुलाला प्रोजेक्ट करू नका. त्यापेक्षा ऑफिसात बढती मागा.

आणि पैसा. आपल्यानंतर याचं कोण बघणार, हा प्रश्न आज ना उद्या रात्री तुमच्याही उशाशी येऊन बसेल. मग पगार सोडून घरी बसा असं सांगणारे नक्की कोणाच्या भल्याचं सांगत असतात?

आता हेही सांगायला हवं की माझा मुलगा रात्री झोपतो. काही मुलं झोपत नाहीत, स्वतःला इजा करून घेतात, दार उघडं दिसलं की निघून जातात, तिथे कोणाला तरी नोकरी सोडावीच लागते आणि त्यात कमीपणा नाही. एकट्या पालकाला तर माझं हे सगळं ऐकून रागच येईल, येऊ दे. पण घरात दोघं असाल तर कोणी सोडायची हे दोघांचे पगार, तब्येती आणि कामाच्या वेळा मांडून ठरवा, नणंदेच्या मतावर नको.

थेरपी सेंटरच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर बाबांचा लिहा. आमच्याकडे उरलेला हिशेब तिथून सुरू झाला. नणंदबाई अजून म्हणतात की मी त्यांच्या भावाला कामाला लावलं, आणि ते मात्र अगदी बरोबर आहे.