माळरानावरची पहाट

प्रश्न : मी सोलापुरात बँकेत अधिकारी आहे. कामाच्या ताणामुळे रविवारही फायलींतच जातो. निसर्गात रमावेसे वाटते, पण आपल्याकडे ना डोंगर, ना घनदाट जंगल. काय करावे?

उत्तर : डोंगर नसले तरी आपल्याकडे माळरान आहे, आणि थकलेल्या डोळ्यांना त्याच्याइतका मोकळा विसावा दुसरा नाही, असे मला मनापासून वाटते. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये घोषित झालेल्या अभयारण्यातील नान्नजच्या माळावर हिवाळ्यात सकाळी लवकर गेलात, तर वाळलेल्या गवतात चरणारा काळविटांचा कळप माना उंचावून क्षणभर तुमच्याकडे पाहत राहील. एवढे जमत नसेल, तर कामावर जाण्यापूर्वी अर्धा तास, मोबाइल घरी ठेवून, सिद्धेश्वर तलावाच्या काठी अवश्य बसा.